ऑर्फिलियाच्या घरातले तीन फ्रिज

दोन्या ऑर्फिलियाला, म्हणजे आमच्या ऑर्फिलियाबाईला, गरीब दिसण्याची कला येत होती, असं आमच्या चढावरचे लोक म्हणतात. ऐकून माझं डोकं फिरतं. ती गरीबच होती. दिसायची कला तिने शिकवली ती आम्हाला.

चढ म्हणजे एकशे बेचाळीस पायऱ्या, दोन्ही अंगांना घरं, आणि अगदी वरच्या टोकाला तिचं घर. तीस वर्षं ती खालच्या कॉफीच्या गिरणीत बिया निवडायची. पट्टा सरकत राहायचा आणि तिची बोटं काळी, किडकी, फुटकी बी टिपत राहायची. गिरणी बंद पडली तेव्हा मालकाच्या कागदावर ती रोजंदारीवाली निघाली, म्हणजे पेन्शनच्या नावाने शंख. ती एवढंच म्हणाली, "किडकी बी ओळखण्यात जन्म गेला, मालक काही ओळखता आला नाही."

घरात दोघंच. ती आणि तिचा धाकटा भाऊ आर्सेसियो. लहानपणी त्याच्या डोक्यात ताप गेला आणि पाय आणि वाचा दोन्ही घेऊन गेला. सत्तेचाळीस वर्षांचा धिप्पाड बाप्या, पण कूस बदलायची तर बहिणीने. रेडिओवर फुटबॉल लागला की गोल कुणाचाही होवो, हा खदखदून हसायचा. घास घ्यायचा तो फक्त तिच्या हातून. एकदा तिचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस मी त्याला भरवायला जात होते. गुळाचं पाणी दिलं, मक्याचा आरेपा कुस्करून दिला, बीन्सची आमटी दिली. त्याने ओठ मिटून घेतले आणि भिंतीकडे बघत राहिला. आठ दिवसांत गालफडं बसली. ती दवाखान्यातून आली, त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "नोरालबा, याला माझ्यापासून लांब नेलं तर हा जगायचा नाही. बाकी काही झालं तरी चालेल मला."

पुढे तिचा उजवा खांदा कामातून गेला. तेव्हा सरकारी योजनेतून एक मदतनीस बाई मिळाली. आठवड्यातून पाच सकाळी यायची, आर्सेसियोला उचलायची, अंघोळ घालायची. चांगली दांडगी बाई होती. तिच्या जिवावर त्या घराचं चाललं होतं.

पण हे सगळं गुणांवर. आमच्याकडे प्रत्येक घराला गुण असतात. पाहणीवाले येतात, घर बघतात, गुण लिहून नेतात. गुण कमी पडले तर तुम्ही गरीब. जास्त पडले तर तुम्ही सुखवस्तू, आणि सुखवस्तूला काही मिळत नाही. जमीन मातीची की फरशीची, फ्रिज आहे का, वॉशिंग मशीन आहे का, एका खोलीत किती जण झोपतात, सगळ्याचे गुण. ऑर्फिलियाला तो फॉर्म तोंडपाठ होता. पाहणीवाले धापा टाकत वर पोहोचले की ती त्यांना कॉफी द्यायची आणि समोर बसून फॉर्म उलटा वाचायची.

मग ती आम्हा शेजाऱ्यांची शिकवणी घ्यायची.

"मार्लेनी, कानातलं उतरव. आणि त्या दिवसासारखी रडत बसू नकोस, रडण्याला गुण नाहीत."

"मग कशाला आहेत हो, दोन्या?"

"फरशीला. त्यावर ते गोणपाट अंथर."

हिल्दार्दो नावाचा आमचा एक रंगारी आहे, त्याला म्हणायची, "तू दाढी करून बस. नाहीतर गरीब लिहायच्या ठिकाणी दारुडा लिहितील, आणि ते खोटंही नसेल."

खालच्या थांब्यावर पाहणीवाले उतरले की बसवाला दोनदा भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकला की आम्ही आपापलं सामान उचलून वर, तिच्या घरात. माझा फ्रिज, मार्लेनीचं वॉशिंग मशीन, हिल्दार्दोचे ते माणसाएवढे स्पीकर. लबाडी म्हणा. खुशाल म्हणा. माझा फ्रिज अठरा वर्षांचा, गंजलेला, त्यात मी बर्फाच्या कांड्या करून विकते. त्या एका डब्यापायी मी सुखवस्तू ठरते, याला तुम्ही काय म्हणाल ते आधी सांगा.

पाहणीवाले खालून सुरुवात करायचे. तिच्या दारात ते सगळ्यांत शेवटी, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोहोचायचे. तोवर आमचं सामान पाठीवरून खाली आलेलं असायचं आणि तिच्या घरात एक चूल, दोन खाटा आणि रेडिओ. अकरा वर्षं बिनबोभाट चाललं.

मग त्यांनी सुधारणा केली. पायऱ्यांच्या तळाशी कागद चिकटवला होता. सेवा अधिक माणुसकीची करण्यात येत आहे, ज्या घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत त्यांना यापुढे ताटकळावं लागणार नाही. ऑर्फिलियानेच तो मोठ्याने वाचून दाखवला. "चला," ती म्हणाली, "कुणाला तरी अक्कल सुचली." तो कागद पाहणीबद्दलही आहे, हे आमच्या कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. तिच्याही नाही.

तो मंगळवार होता, सकाळचे दहा. दोनदा भोंगा झाला. मी आणि हिल्दार्दोने माझा फ्रिज उचलला आणि धापा टाकत वर नेला. घरात आधीच दोन फ्रिज, चार टीव्ही, मशीन आणि स्पीकर येऊन पडले होते. मधोमध खाटेवर आर्सेसियो, एवढी गर्दी बघून खूश. मी फ्रिज भिंतीला लावते न लावते तोच दारात एक पोरगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, घामाने डबडबलेली. युलियाना तिचं नाव. खालच्या एकाही दारात न थांबता ती थेट वर आली होती, कारण त्या टॅबलेटनेच ठरवलं होतं, आधी आर्सेसियोचं घर.

तिने खोलीभर नजर फिरवली. "आजी, हे कुणाचं सगळं?"

"माझं," ऑर्फिलिया म्हणाली.

"तिन्ही फ्रिज?"

"मला थंड आवडतं."

पोरगी हसली नाही. माझ्याकडे वळली. "आणि या कोण?"

"शेजारीण. मीठ मागायला आलीय."

माझे तळवे फ्रिजच्या गंजाने तांबडे झाले होते. मी हात पाठीमागे धरले.

"आजी, मला दिसतं तेच लिहावं लागतं. हे दुसऱ्यांचं असेल तर आत्ताच सांगा. मी पुन्हा विचारते." पोरगी वाईट नव्हती. तिने खरंच पुन्हा विचारलं, आणि विचारताना तिची नजर माझ्यावर होती.

ऑर्फिलियाने माझ्याकडे बघितलं, मग हिल्दार्दोकडे. रागाने नाही. थोडी थांबली, एवढंच. कुणीतरी तोंड उघडेल म्हणून थांबली असेल. मी जमिनीकडे बघत होते. सामान आमचं आहे म्हटलं असतं तर चढावरची सात घरं एका दमात यादीतून उडाली असती.

"लिही, पोरी," ती म्हणाली.

पोरीने फोटो काढले आणि ती खालच्या घरांकडे निघाली. आम्ही फ्रिजला हात घालायला गेलो तर ऑर्फिलिया ओरडली, "हात लावू नका कुणी. ती आता तुमच्याकडेच चाललीय." संध्याकाळपर्यंत तिने आमचं सगळं सामान सांभाळलं. फ्रिज खाली नेताना मी तिला आभाराचे दोन शब्द बोलले. बोलताना माझी मलाच लाज वाटली.

दीड महिन्याने पत्रं आली. आम्ही सगळे गरीब राहिलो होतो. ऑर्फिलिया सुखवस्तू झाली होती. एक तारखेपासून मदतनीस बाई बंद. पत्राच्या खाली बारीक अक्षरात होतं की हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, घरातल्या वस्तू इतरांच्या असतील तर त्या त्या मालकाने कचेरीत येऊन तसं लिहून सही करावी.

ती कुणाच्याही दारात आली नाही. तेच जास्त लागलं. आम्हीच मार्लेनीकडे जमलो. मार्लेनी म्हणाली, "मी करते सही, पण आधी हिल्दार्दो करू दे." हिल्दार्दो म्हणाला, "स्पीकर माझे कुठे, माझ्या मेव्हण्याचे." माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, तिची फी त्या गुणांवर माफ होती. मी ते सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. प्रत्येकाकडे असंच काहीतरी होतं आणि एकही कारण खोटं नव्हतं. मग ठरलं की सही नको, त्यापेक्षा आपण पाळ्या लावू, रोज दोघांनी वर जाऊन आर्सेसियोला उचलायचं. काय हलकं वाटलं सगळ्यांना! मार्लेनीने वहीच्या पानावर वारांप्रमाणे नावं लिहिली आणि सगळ्यांना कॉफी दिली.

दोन आठवडे आम्ही सरळ गेलो. तिसऱ्यात कुणाचं लग्न निघालं, कुणाचं रंगाचं काम. पंधरा दिवसांची मुदत तोवर उलटून गेली होती. एका गुरुवारी कुणीच गेलं नाही. पाळी हिल्दार्दोची आणि त्याच्या मेव्हण्याची होती. तिने अकरापर्यंत वाट बघितली आणि आजारी खांद्याने त्याला एकटीने उठवायला गेली. दोघं पडले. त्याची मांडी मोडली. दवाखान्यातल्या समाजसेविकेने कागद बघितले, घरात उचलायला कोणी नाही असं लिहिलं आणि तिथूनच त्याला राजधानीच्या आश्रमात पाठवलं. बसने पाच तास.

ऑर्फिलिया दर रविवारी जायची. ती असेल तेव्हा चार घास खायचा, बाकीचे सहा दिवस नळीने. चौथ्या रविवारी परत आली तेव्हा पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "गालफडं बसली गं त्याची."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी कागदावर लिहिलं की फ्रिज माझा आहे, खाली सही केली, आणि कचेरी गाठली. खिडकीवर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मुदत संपलीय, बाई," ते म्हणाले. "पण हा दिलात तर फेरतपासणी लावता येईल. तीन महिने लागतील. कदाचित त्याआधीही होईल. तुमचं नाव मात्र यादीतून आजच जाईल." कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "विचार करा. घाई नाही."

मी विचार केला. मुलीची परीक्षा सात महिन्यांवर होती. मागे रांगेतली बाई खोकत होती. मी कागद उचलला, चार घड्या घातल्या, आणि घरी आले. खरं सांगते, बाहेर पडल्यावर मला बरं वाटलं.

ऑर्फिलिया पायऱ्यांवर उभी होती. मी कचेरीत गेले हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "काय म्हणाले?" तिने विचारलं.

"नाही घेतला कागद," मी म्हणाले. "मुदत गेली म्हणाले."

तिने माझा हात धरून मला वर नेलं, कॉफी दिली. "तू कशाला मनाला लावून घेतेस," असं मलाच समजावत बसली. "तू गेलीस हेच पुष्कळ आहे."

आर्सेसियो आश्रमातच दहाव्या आठवड्यात गेला. फेरतपासणीला तीन महिने लागले असते, मग काय फरक पडला असता, असा हिशोब मी रोज मांडते. 'कदाचित त्याआधीही' हे शब्द मध्ये येतात आणि हिशोब फिसकटतो. मुलगी पास झाली. शहरात नोकरीला लागली. फ्रिज अजून चालतो.

ऑर्फिलिया आता कुणाशी फारसं बोलत नाही. मार्लेनी समोर आली तर तोंड फिरवते, हिल्दार्दोची तर सावलीही सहन होत नाही तिला. पण मी दिसले की थांबते. पायऱ्यांवर जो कोणी असेल त्याला ऐकू जाईल असं म्हणते, "या अख्ख्या चढावरून माझ्या भावासाठी एकटी नोरालबा गेली होती." मी पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि वर चढत राहते.