समुद्रावर झालेलं माझं दुसरं लग्न

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. हसा खुशाल, पण आमची ही बाहेर आली की तोंडं सरळ ठेवा. कारण या प्रवासात माझं दुसरं लग्न झालं, आणि तेसुद्धा पहिली बायको शेजारी उभी असताना!

घाबरू नका, क्रमानं सांगतो.

मी हडपसरच्या एका कारखान्यात होतो. दिवसभर पत्रा ठोकणारी अगडबंब मशिनं. त्यात माझा एक कान गेला. म्हणजे गेला असं घरचे म्हणतात. मी म्हणतो, लोकच हल्ली पुटपुटतात! नोकरी आणि लग्न, दोन्ही एकाच वर्षी झालेलं. त्यातली नोकरी मे महिन्यात संपली.

आमची मुलगी खराडीला आयटीत आहे. ती एका रविवारी सरळ तिकिटंच घेऊन आली. मुंबईहून बोट निघणार, गोवा, कोची करत कोलंबोला जाणार, तशीच परत. प्रत्येक बंदरात उतरून फिरायचं.

"बाबा, इतकी वर्षं सोसलंत. आता मजा करा."

आमची सुमन लोणी काळभोरची. तिनं तिकिटं उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "एस्टी लागती तशी बोटबी लागती का हो?"

मुंबईच्या धक्क्यावर ही गर्दी! काउंटरमागच्या मुलीचं हसू मोठं, आवाज मात्र मुंगीचा. तिनं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "हिंदू मील, सर?"

जावयानं बजावलंच होतं, जेवणाचं आधी सांगा, नाहीतर ताटात काय पडेल याचा नेम नाही. मी छाती काढून ठणठणीत इंग्रजीत सांगितलं, "येस, येस! बोथ ऑफ अस! बट नॉट ऑन थर्सडे. थर्सडे आय ॲम फास्टिंग!"

मुलगी लालबुंद झाली. तिनं शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, तशी ती शेजारीण टेबलाखाली वाकली, ती वर येईचना. मला वाटलं, पेन पडलं असेल.

खोलीत गेलो. पलंगभर गुलाबाच्या पाकळ्या! मधोमध टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले.

"अगं बाई, हे काय?" सुमन दारातच थबकली.

"हिंदू जेवण सांगितलं ना मी? पूजेला फुलं दिलीत."

"आन् हंस?"

"सरस्वतीचे."

आता सांगा, काय चुकलं माझं? सुमननं पाकळ्या भक्तिभावानं गोळा करून कपात ठेवल्या. मग एक हंस सोडवला आणि त्यानं तोंड पुसलं.

रात्री जेवायला गेलो तर आम्हा दोघांनाच कोपऱ्यातलं टेबल. दिवे विझवलेले, मध्ये एक मेणबत्ती. "इथंही लाइट जाते वाटतं," मी म्हणालो. तेवढ्यात चार वेटर गाणं म्हणत केक घेऊन आले. बदामाच्या आकाराचा, लालभडक. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मी उठून चारी दिशांना नमस्कार केला. म्हटलं, पुणेकरांचं एवढं कौतुक पुण्याबाहेरच होतं!

सकाळी गोवा यायच्या आधी डेकवर एक गृहस्थ भेटले. आपटे. धायरीला राहतात, बँकेतून निवृत्त. शब्द असे मोजून वापरतात की वाटावं, प्रत्येकावर सही घ्यावी लागते.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

निवृत्तीचं विचारतायत, दुसरं काय! म्हटलं, "मे महिन्यात."

"आणि त्याआधी?"

"बत्तीस वर्षं एकाच ठिकाणी काढली. कधी इकडंतिकडं पाहिलं नाही."

"मग त्रास होता का काही?"

"आवाजाचा हो! सकाळपासून नुसता दणदणाट. कान गेला माझा. शेवटी शेवटी वाटायचं, कधी एकदा सुटतो."

आपट्यांनी चष्मा काढला. "मग... सुटलात?"

"सुटलो की! पेढे वाटले!"

"पेढे?" आपट्यांनी कठडा धरला. थोडा दम घेऊन त्यांनी माझ्या मागं हात केला. "आणि हे कसं जमलं?"

मागं थोड्या अंतरावर सुमन उभी होती, आणि सुमनच्या मागं बोट. मला बोट दिसली.

"मुलीनं जमवलं. इंटरनेटवर शोधून. आम्हाला विचारलंसुद्धा नाही."

"तुमच्या स्वतःच्या मुलीनं?"

"हो तर! म्हणाली, ही आवडली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी बघू."

आपटे तडक निघाले. जाताना दोनदा वळून पाहिलं. मी दोन्ही वेळा हात हलवला.

गोव्याला उतरलो तर बोटीवरच्या मराठी मंडळींत मी एकदम प्रसिद्ध! दोघातिघा पुरुषांनी माझा हात घट्ट दाबला. एक म्हणाला, "हिंमत लागते, साहेब." बायका मात्र मला बघून गप्प व्हायच्या आणि सुमनला घोळक्यात ओढून न्यायच्या. बसमध्ये खिडकीची जागा तिला, शहाळं आधी तिला. मला बरंच वाटलं. बायको रमली की नवरा मोकळा!

कोचीला किनाऱ्यावर मासे धरायची ती प्रचंड जाळी बघायला गेलो. मी पुढं, सुमन मागं आपटेबाईंबरोबर. थोड्या वेळानं ती एकटीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शांत. सुमन शांत झाली की मला घाम फुटतो.

"तुमची पहिली बायको कशी व्हती?"

"कोण पहिली?"

"बत्तीस वर्षं नुस्ता दणदणाट करायची म्हणं. तिच्यापायी तुमचा कान गेला. ती गेली तवा तुम्ही पेढं वाटलं. आन् मी आवडली न्हाई तर पुढल्या वर्षी दुसरी बघणार हाय म्हणं!"

हे मात्र मला एका दमात, लख्ख ऐकू आलं.

बोटीवर परतल्याबरोबर काउंटर गाठला. पाकळ्या कशाच्या, केक कशाचा, सगळं विचारलं. तीच मुलगी होती. बिचारीनं या वेळी मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "सर, मी विचारलं, हनीमून? तुम्ही म्हणालात, येस. फक्त गुरुवारी नको."

मी तिथंच खुर्ची शोधली.

त्या संध्याकाळी सगळी मराठी मंडळी एका टेबलाला होती. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उलगडा करायचा. उभा राहिलो. "मंडळी, गैरसमज झालाय. ही माझी पहिलीच बायको आहे. एकुलती एक!"

आपटे आमटी ओरपत म्हणाले, "लाजायचं कारण नाही. कायद्यानं गुन्हा नाही तो."

"अहो, खरंच! सुमे, सांग की यांना!"

सुमननं पदर सारखा केला. "मी काय सांगू? आधीचं मला काय ठावं?"

ऐकलंत? बत्तीस वर्षं संसार केलेली बायको!

"पर ऐकून हाय थोडं," ती पुढं म्हणाली. "गरीब व्हती बिचारी. तिला समुद्र बघायचा व्हता. दर सुट्टीला मागं लागायची. हे म्हणायचे, त्यात काय बघायचंय, पाणीच तर असतं. आपल्याकडं कालवा हाय की!"

टेबल हसलं. मीही हसून घेतलं.

"आन् कुठं गेली तरी हे तरातरा पुढं, ती मागं. सिंहगडावर नेली एकदा. माघारी आल्यावर शेजारणीनं विचारलं, काय बघितलं गं? ती म्हणाली, ह्यांची पाठ."

आता कुणी हसलं नाही. आपटेबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. "किती सोसलं हो त्या माउलीनं!" सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच तिला त्या कालव्यात ढकललं होतं.

खरं सांगू? एक शब्द खोटा नव्हता त्यात. शेजारणीचं तर मला माहीतच नव्हतं. मी ताट बाजूला सारलं.

खोलीत आल्यावर म्हटलं, "सुमे, कोलंबोला मी शेजारून चालतो. हात धरून."

"लोकांत?"

"लोकांत! आता काय, सगळ्या बोटीला ठाऊक आहे, आपलं नवीन लग्न झालंय."

ती पाठ करून झोपली. मग अंधारातून आवाज आला, "तुमचं झालं असंल. मी अजून हो म्हणली न्हाई."

कोलंबोला उतरलो. बाजारात मुंगी शिरायला जागा नाही. पण मी शब्दाचा पक्का! नजर समोर, छाती पुढं, आणि शेजारचा हात घट्ट धरलेला. बोलायला थोडा संकोच वाटत होता, म्हणून समोर बघतच बोलत राहिलो. "हे बघ, मला असं गोड बोलता येत नाही. पण तू आहेस म्हणून माझं सगळं धड आहे. आता जिथं म्हणशील तिथं नेईन. तू फक्त हो म्हण."

उत्तर नाही. हात मात्र थरथरत होता. म्हटलं, गहिवरली! मी आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात मागून सुमनचा आवाज आला, "अहो! मी हिकडं हाय!"

मी वळून पाहिलं. माझ्या हातात आपटेबाई! डोळे विस्फारलेले, तोंडातून शब्द फुटत नव्हता. सुमन तर पोट धरून रस्त्याच्या कडेला खालीच बसलेली.

आणि दोन पावलांवर आपटे. त्यांनी शांतपणे बायकोचा हात माझ्या मुठीतून सोडवून घेतला आणि म्हणाले,

"साहेब, निदान बोट मुंबईला लागेपर्यंत तरी थांबा."