बत्तीस छातीचं चक्र

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे कटिंग मास्तर. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, एका लांबलचक टेबलापाशी त्यांनी उभं आयुष्य काढलं, तेही खरोखर उभ्यानेच. बसून कापड कापणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. तसं ते फारशा कुणाबद्दलच चांगलं नाही. पण मास्तर ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून लोक त्यांना शांत स्वभावाचे समजतात.

दुकानात लागण्याआधी, ऐन तरुणपणी, ते सिनेमाचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याच्या हाताखाली होते. तिथे एका भुताटकीच्या सिनेमाचं काम आलं. वर्गातली चार दांडगट मुलं एका काटकुळ्या मुलाचा छळ करतात, एक दिवस त्याला प्रयोगशाळेच्या अडगळीत कोंडून घालतात. तिथे त्याला एक जुनी पोथी सापडते, तो जमिनीवर खडूने एक चक्र काढतो, आणि मग चौघे एकामागून एक मरतात. एकजण तर शाईत बुडून मरतो. शाईच्या दौतीत माणूस कसा बुडतो, हे त्या सिनेमाला कुणी विचारत नाही. शेवटी चक्र काढणाऱ्यालाही चक्र घेऊन जातं. पुसून उपयोग नसतो, पळून उपयोग नसतो, त्याची पाळी यायची ती येतेच.

आता हे चक्र काढणार होता एक रंगारी. तो नेमका त्या दिवशी उगवला नाही. दिग्दर्शक सगळ्यांवर तोंडसुख घेत कपड्यांच्या खोलीत शिरला. टेबलावर खाकी कागद पसरला होता आणि त्यावर शर्टाची आखणी होती. ती बघून तो म्हणाला, हेच काढा, फक्त गोल काढा. मास्तरांनी मुकाट्याने त्या काटकुळ्या नटाच्याच शर्टाचं माप फरशीवर उतरवलं. दोन पुढचे भाग, पाठ, दोन बाह्या असं सगळं गोलाकार मांडलं आणि मधोमध कॉलर बसवली. सवयीने आकडेही टाकले. छाती बत्तीस. नटाला खडू धड धरता येईना, तेव्हा कॅमेऱ्यासमोर हातही मास्तरांचाच गेला. कात्रीने घट्टा पडलेला तो रुंद अंगठा पडद्यावर एका शाळकरी पोराचा म्हणून खपला.

सिनेमा पडला, आणि फार वर्षांनी उठला. कुणीतरी टीव्हीवर लावला, कुणीतरी फोनवर टाकला, आणि पोरांनी तो डोक्यावर घेतला. कॉलरची टोकं म्हणजे शिंगं, बाहीची गोलाई म्हणजे मृत्यूची घंटा, आणि बत्तीस म्हणजे काय यावर तर हाणामाऱ्या व्हायच्या बाकी राहिल्या. अंगठ्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की तो सैतानाचाच. चक्र छापलेले काळे टी-शर्ट रस्तोरस्ती दिसू लागले. मास्तरांना राग एकाच गोष्टीचा यायचा. छापणाऱ्याने एका बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, उलटा घेतला होता. त्या मापाने शर्ट शिवला तर माणसाचा हात पाठीतून बाहेर येईल. पण हे त्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मास्तरांची मुलगी चार गल्ल्या सोडून राहत होती. तिची मुलगी तेरा वर्षांची, आणि घरात तिला सगळे खार म्हणत, कारण लहानपणी ती घास गिळायच्या ऐवजी गालात साठवून ठेवायची. त्या वर्षी खारीचे शर्ट फार फाटायचे. कधी खिसा उसवलेला, कधी बटणं गेलेली, एकदा तर कॉलरच अर्धी हातात आलेली. ती शर्ट घेऊन दुकानात यायची, म्हणायची, अडकला. मास्तर शिवून द्यायचे. अडकून फाटलेलं कापड आणि ओढून फाडलेलं कापड यातला फरक त्यांना कळत नव्हता असं नाही. पण विचारण्यापेक्षा शिवणं सोपं होतं, आणि शिवण त्यांची सुंदर होती. फाटलं होतं हेसुद्धा कळायचं नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलगी खारीला हाताला धरून घेऊन आली. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आठवडाभर ती धड जेवली नव्हती, पाण्याखेरीज पोटात काही ठरत नव्हतं. डॉक्टर झाले, शेजारणी झाल्या. आदल्या दिवशी झाडू मारताना पलंगाखाली फरशीवर ते चक्र सापडलं. कापडावर खुणा करायच्या खडूने काढलेलं, म्हणजे खडूही आजोबांच्याच डब्यातला. शाळेत बाकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही एक होतं. वर्गाची मॉनिटर आणि तिच्या तीन मैत्रिणी खारीला वर्षभर छळत होत्या. खारीने चक्र काढलं, आणि तिसऱ्या दिवशी मॉनिटर ओल्या जिन्यावरून पळताना पडली. पायाचं हाड मोडलं. बाकावरचं चक्र कुणीतरी पाहिलं आणि शाळाभर झालं. मुख्याध्यापिकेने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं होतं.

हे सगळं मुलगी रडत रडत सांगत होती. खार मात्र रडत नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "आता माझीच पाळी आहे." जसं कुणी दवाखान्यात बसून म्हणावं, तसं म्हणाली.

 वर्षभर शिवलेले ते सगळे खिसे मास्तरांना एकदम आठवले आणि स्वतःची शरम वाटली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती. म्हणाली, "तुमचंच पाप आहे, तुम्हीच निस्तरा." मुलीला काही कळेना.

मास्तरांनी जेवणाचं टेबल मोकळं केलं, खाकी कागद अंथरला आणि खारीला जवळ उभं केलं. आखायला सुरुवात केली. आधी दोन पुढचे भाग, मग पाठ, मग बाह्या. सिनेमात ज्या क्रमाने रेघा येतात त्याच क्रमाने. खारीने तो प्रसंग फोनवर थांबवून थांबवून इतक्यांदा पाहिला होता, की पुढची रेघ कुठे पडणार हे तिला आधीच ठाऊक होतं. ती भिंतीला जाऊन टेकली. कॉलर आखून झाली तेव्हा तिचं लक्ष रेघांवर नव्हतंच, अंगठ्यावर होतं.

मग मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. न उगवलेला रंगारी, तोंडसुख घेणारा दिग्दर्शक, काटकुळ्या नटाची छाती. खारीचा विश्वास बसला नाही. म्हणाली, आजोबा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बनवताय. मास्तर म्हणाले, बनवतोच, बघत राहा. त्यांनी कपाटातलं पांढरं कापड काढलं, कागद वर ठेवला आणि कात्री चालवली. बायकोच्या मशीनवर टिपा घातल्या. खारीला कॉलर ताठ करणारं बकरम इस्त्रीने चिकटवायला लावलं. कॉलर उलटवून तिची टोकं कात्रीच्या अणीने बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली.

"ही शिंगं," ते म्हणाले.

दुपार कलेपर्यंत ज्या चक्राने चार मुडदे पाडले होते त्याचा शाळेचा शर्ट झाला. खारीने तो अंगात घातला. थोडा सैल होता, पण वाढत्या अंगाला सैलच बरा. आरशासमोर उभी राहून तिने हात वर केले, खाली केले, मागे वळून पाठ पाहिली. मग विचारलं, मॉनिटरचा पाय कसा मोडला. मास्तर म्हणाले, जिना ओला होता आणि ती पळत होती, पाय मोडायला याहून जास्त काही लागत नाही. तेव्हा कुठे पोर रडली. रडून झाल्यावर दोन अंडी आणि अर्धा पाव खाल्ला, तोही सरळ गिळून, गालात न ठेवता. मुलगी तोंड धुवायला मोरीत गेली, आजी भांडी आवरायला लागली. घरावरचं मळभ गेलं.

खार मास्तरांच्या जवळ सरकली. हळू आवाजात म्हणाली, "उद्या शाळेत हे सांगू नका."

मास्तरांना वाटलं, पोर लाजते आहे. ते तसं नव्हतं. मॉनिटर पडल्यापासून खारीच्या दप्तराला कुणी हात लावला नव्हता. डबा कुणी उपडा केला नव्हता. जिन्यावर ती दिसली की मुली भिंतीला चिकटून वाट देत होत्या. आता तो शर्ट आहे म्हटल्यावर वर्ग आठवडाभर हसला असता, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हे तिने मोठ्या माणसासारखं समजावून सांगितलं. मास्तरांनी टेबलावरचे कापडाचे तुकडे गोळा केले.

दुसऱ्या दिवशी मुलीने आठवणीने तो खाकी कागद गुंडाळून त्यांच्या काखेत दिला. मुख्याध्यापिकेच्या खोलीत त्या तिघी मैत्रिणी भिंतीशी उभ्या होत्या. बाकाचं झाकण काढून आणलं होतं. शिपायाने त्याला हात लावायला साफ नकार दिला होता, त्यामुळे ते मुख्याध्यापिकेने स्वतःच आणलं होतं. बाई समंजस होत्या. त्यांचा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, पण मॉनिटरच्या आईचा होता आणि तिने शाळा डोक्यावर घेतली होती. बाईंनी विचारलं, हे नक्की काय आहे, तुम्हाला माहीत आहे असं तुमच्या लेकीकडून कळलं.

"सांगा ना बाबा," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी चष्मा लावला. झाकण निरखून पाहिलं. मुंढे दोन्ही बरोबर होते, टी-शर्टवाल्यांपेक्षा पोरीचा हात कितीतरी सरस होता. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती नव्या शर्टाच्या कफाचं बटण फिरवत जमिनीकडे बघत होती.

"मला यातलं काही ठाऊक नाही, बाई," मास्तर म्हणाले. "मी शर्ट शिवतो. हिचे शर्ट या वर्षी कुणीतरी ओढून ओढून फाडले. हा काल नवा शिवलाय." मग ते त्या तिघींकडे वळले आणि गिऱ्हाइकाचं माप नजरेने घ्यावं तसं एकेकीला खांद्यापासून खांद्यापर्यंत पाहिलं. "मी माझ्या हाताने शिवलाय," ते म्हणाले.

हे बोलताना त्यांचा अंगठा झाकणावर होता. तिघींपैकी एकीची नजर त्यावर गेली, आणि तिची पाचावर धारण बसली. बाकीचं तिने बाहेर जाऊन सांगितलंच असणार. मुख्याध्यापिकेने शर्टांची चौकशी केली, तिघींना माफी मागायला लावली आणि प्रकरण मिटवलं. मुलगी वाटेत बापाशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र भरपूर बोलली, आणि तिचं म्हणणं चूक होतं असं मास्तरांनाही वाटलं नाही.

त्यानंतर खारीचा एकही शर्ट फाटला नाही. परीक्षा संपायच्या सुमारास मास्तर एकदा तिला आणायला शाळेत गेले. फाटकातून पोरांचे घोळके बाहेर पडत होते. खार एकटी आली. तिच्या चहूबाजूंनी हातभर जागा मोकळी होती, आणि पळणारी पोरंही त्या जागेला वळसा घालून जात होती. मास्तरांना ते पाहवेना. चालता चालता त्यांनी विचारलं, वर्गात कुणी बोलतं का तुझ्याशी.

"नाही," खार म्हणाली. "पण हात पण लावत नाहीत."

मास्तर म्हणाले, पुरे झालं आता. उद्या मी कागद घेऊन येतो, सगळ्या वर्गासमोर शर्ट बेतून दाखवतो. हसतील दोन दिवस, मग तुझ्याशी बोलायला लागतील.  रस्ता ओलांडताना खारीने त्यांचा हात धरला, अंगठ्याशीच.

"आत्ता नको, आजोबा," ती म्हणाली. "शाळा संपली की सांगा."