पाठ केलेलं गणित

शेजारची सुमन ओट्यावर डोळे मिटून पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय.

"गणित पाठ करतेय, आजी," ती म्हणाली. यंदाच ती हायस्कुलात गेली.

"अन् पेपरात आकडे बदलले तर?"

"मग नाही येत."

आतून तिची आई म्हणाली, "म्हणू द्या तिला. नापास झाली तर बाप शाळा बंद करणार आहे."

गावच्या शाळेत सगळ्या पोरी एका सुरात पाढे म्हणायच्या, त्यात हिचाही आवाज मिसळून जायचा. समजलं का, हे कुणी विचारलं नाही. मी चौथी शिकले तीही अशीच. मला पुढं कुणी फळ्यापाशी बोलावलं नाही, म्हणून निभावलं. हिला रोज बोलावतात. पोर नापास होईल, आणि तिला वाटेल, आपलंच पाठांतर कमी पडलं.