सेल गेला नव्हता

"पाच दिवस आईक सांभाळशील?" ताईने फोनवर विचारलं आणि मी श्वासही न घेता हो म्हटलं. इतक्या चटकन हो म्हणणाऱ्या माणसाचा संशय यावा, आणि तिला तो आला. ती मला जन्मापासून ओळखते.

पडल्यापासून आई दोन वर्षं पिंगुळीला ताईकडेच होती. तिला स्वतःहून उठता येत नाही, तिन्ही वेळची पेज भरवावी लागते. आता ताईचंच पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेलं. ती थकलेली होती. जामसंड्यातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर बसून मीही थकायचो, पण तिच्यासमोर ते बोलायची माझी टाप नव्हती.

ती आईला घेऊन आली त्या संध्याकाळी माझी मुलगी शाळेचा प्रकल्प लिहीत होती. विषय तिनेच निवडलेला: छोट्या राक्षसांच्या दोन जपानी कार्टून मालिका, त्यांचा जन्म आणि त्यांचं वैर. या विषयात आमच्या घरी मीच तज्ज्ञ. लहानपणी मी पहिलीच्या पक्षात होतो, वेफर्सच्या पुड्यांतून निघणाऱ्या चकत्या दप्तरात भरून फिरायचो. ताई दुसरीच्या पक्षात. टीव्ही एकच.

"लिही," मी म्हटलं, "पहिली अस्सल, दुसरी तिची नक्कल. पुरावा काय? दोघींच्या नावाच्या शेवटी ‘मॉन’, मॉन्स्टरमधलं."

"बाबा, आमच्या अर्ध्या वर्गाच्या आडनावाक ‘कर’ आसा. मगे सगळ्यांनी एकाचाच चोरला?"

ताई खो-खो हसली. मॉन म्हणजे काय हे माहीत नसताना आईसुद्धा हसली. मग मुलीने वही वाचून दाखवली. पहिलीच्या कर्त्याला म्हणे लहानपणी किडे पकडायचा नाद. पुढे शेतांत घरं उठली, किडे गेले. मोठेपणी त्याने हातात धरायच्या व्हिडिओ गेममध्ये मुलांना प्राणी पकडायला लावले, दोन यंत्रं वायरीने जोडून अदलाबदल करायची. त्या वायरीवरून किडा चालत जाताना त्याला डोळ्यांपुढे दिसला होता. दुसरीचं मूळ भलतंच. एक अंड्याएवढं खेळणं, त्याच्या इवल्या पडद्यावर एक पिल्लू. त्याला वेळेवर भरवायचं, त्याची घाण काढायची. मुलींनी ते डोक्यावर घेतलं, मग मुलग्यांसाठी भांडणारं पिल्लू निघालं आणि त्यातून मालिका.

"म्हणजे बाबा, एक पकडूची गोष्ट आणि एक सांभाळूची. नक्कल खंय?"

सांभाळूची म्हटल्यावर मी चहा करायला उठलो. मी घरात कधीच चहा करत नाही, त्यामुळे ताईची नजर माझ्या पाठीला चिकटून आत आली.

ते भांडणारं पिल्लू ताईकडे होतं. काड्यापेटीएवढं, चौकोनी, शेजारच्या काकांनी दुबईहून आणलेलं. शाळेच्या सहलीला जाताना तिने ते माझ्या हातात ठेवलं. "दिसाक तीन येळा भरव. बटण दाबूचा, इतक्याच." पहिल्या दिवशी मी एकदा दाबलं. मग माझ्या पक्षाची मालिका लागली, आणि शत्रूच्या पिल्लाला भरवणार कोण? दुसऱ्या दिवशी ते मेलं. मी मागचा स्क्रू काढून सेल उपसला आणि ताई आल्यावर तोंड पाडून सांगितलं, "सेल गेलो. नकली माल." माझा नकलेचा सिद्धान्त जन्मला तो असा. एक खोटं झाकायला मी एका अख्ख्या मालिकेला चोर ठरवलं, आणि वीस वर्षांनी तेच पोरीच्या वहीत लिहवून घेत होतो.

"सेल गेलो नव्हतो ना रे?" ताईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"नाय."

"माका तेव्हाच कळला हुता. तोच सेल परत घातलो, ता चालू झाला. नवा अंडा इला."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"पिल्लू थोडाच परत येणार हुता?" ती हसली. हसू ओसरलं तसा तिचा चेहरा एकदम दमलेला दिसला. "आईक दुसरो सेल नाय, रे."

माझा चहा उतू गेला. ताईने गॅस बंद केला, पेजेची वाटी माझ्या हातात दिली आणि स्वतः आईच्या पायाशी बसली. परीक्षाच ती. पहिलाच चमचा मी न फुंकता दिला. आई कळवळली. दुसरा फुंकता फुंकता माझ्याच शर्टावर सांडला. तिसरा गेला. ताई वाटी संपेपर्यंत बसली, मग पिशवी उचलून गेली. विश्वास बसला म्हणून गेली असं मी म्हणणार नाही. दुसरं कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलातून ताईचा फोन आला. आवाज गुंगीतला.

"भरवलंस?"

"सकाळी भरवलंय, आता दुपारची चालू आसा."

"आणि सेल?"

मी उत्तर देणार एवढ्यात मागून आई कडाडली, "फोन ठेव मेल्या, पेज निवता!"

पलीकडे ताई हसली. टाके दुखले असावेत, लगेच कण्हली. म्हणाली, "बरो आसा सेल. ठेव."