हवा हाय का न्हाय, ते सांग

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. चार माणसं आणि एक दुर्बीण एका खोलीत ठेवा, आपोआप साचतात.

आमचं खगोल मंडळ नारपोलीत अन्सारीभाईंच्या कापडाच्या लूमवरच्या पत्र्याच्या खोलीत भरतं. तारे मोजकेच दिसतात, पण फळ्यासमोर मी असतो, त्यामुळे ज्ञानाची कमतरता नाही.

मंडळातली हुशार एकच, अंजूर गावची सायली. तिला एमएस्सीला पुण्याला जायचंय. वडील पाटीलकाका, जमिनी नि गोडाऊनवाले. त्यांची अट साफ होती, "काय शिकनार ते मना समजव. शेवटी एकच सवाल इचारीन. सरल उत्तर दे नि जा." म्हणून मंडळात तिचं व्याख्यान ठरलं.

तिचा विषय म्हणजे छोट्या ताऱ्यांभोवतीचे खडकाळ ग्रह. त्यांच्यावर हवा टिकते का?

*

तारा भडकतो, ग्रहाची हवा उडवतो. ज्वालामुखी नवी हवा सोडतात. हे मी तासभर फळ्यावर शिकवलं.

अन्सारीभाई म्हणाले, "सर, हमारा भी वही. दर शिफ्टला फरशीवर पाणी मारतो, नाहीतर कोरड्या हवेत सूत तुटतं. पाणी तो उडेगाच. उडतं किती नि आपण मारतो किती, बस."

मी म्हटलं, "तेच तर मी सांगत होतो."

*

पाटीलकाकांनी व्याख्यानाच्या तालमीलाच विचारलं, "ह्यो ग्रह ताऱ्याच्या येवढा जवल कशाला?"

"तारा थंड आहे बाबा. ऊब हवी तर जवळच राहावं लागतं."

"म्हंजे हायवे-टच प्लॉट. भाव चांगला, पन धूल पयली त्याच्याच घरात."

माझा फळा पुन्हा वाया गेला.

*

आमचे पवार सर क्लास चालवतात. बोर्डावर 'शंभर टक्के निकाल', विद्यार्थी सात. त्यांनी सायलीला बाजूला घेऊन अनुभवाचा सल्ला दिला, "हवा आहे म्हणून सांगून टाक. तिथे जाऊन कोण बघणार आहे?"

मीही मान डोलावली. लाज वाटते, पण डोलावली.

*

व्याख्यानाच्या दिवशी खाली लूम बंद ठेवले होते. सायली छान बोलली. मग काका उठले.

"सगलं समजलं. आता सांग, त्या ग्रहांवर हवा हाय का न्हाय?"

पवार सर मागून 'हो' म्हणून मान हलवत होते. सायलीने त्यांच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"काहींवर नाहीये असं दिसतंय. बाकीच्यांचं माहीत नाही, बाबा. अजून कुणालाच नाही."

झालं, पोरीचं पुणं गेलं, असं मला वाटलं.

काका पुढे आले. मग म्हणाले, "तीस वर्सं जमिनीच्या धंद्यात हाय. जो येतो तो सांगतो, टायटल क्लियर हाय. म्हाईत न्हाय म्हननारी ही पयलीच."

आणि खिशातून पेन काढलं.

"फॉर्म कुठं हाय?"