हॉकीपटूचे पुढचे दात

सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात मी एकटीच भारतीय, म्हणून कॅनडाहून येणाऱ्या हॉकीपटूची सरबराई माझ्या गळ्यात पडली. "तुमच्याकडे सगळेच हॉकी खेळतात ना?" एचआरच्या बाईंनी विचारलं. ही हॉकी बर्फावरची, आपल्या हॉकीशी तिचं नातं काठीपुरतंच, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

आमचा बॉस मात्र कॅनडाचाच. पाहुणा येणार म्हणून तो आठवडाभर हवेत होता. प्रत्यक्षात समोर आला एक जाडगेला, शांत माणूस. नाक वाकडं, हसणं नीटनेटकं. बॉसने हात मिळवला आणि का कोण जाणे, थोडा हिरमुसला.

दुपारी 'टीमवर्क' या विषयावर भाषण होतं. त्याआधी मी पाहुण्याला हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवायला नेलं. चिकन राइस समोर येताच त्याने पुढचे दोन खोटे दात काढले, टिश्यूत गुंडाळले आणि ताटाशेजारी ठेवले. "माफ करा, यांनी चावता येत नाही."

मग जेवता जेवता तो बोलत राहिला. सतराव्या वर्षी घर सोडलं. नाक तीनदा मोडलं. खरे दात एका अंतिम सामन्यात बर्फावर पडले. ते डॉक्टरकडे देऊन तो पुन्हा खेळायला उतरला. पुढे संघाने त्याला विकलं, ती बातमी त्याने गाडीतल्या रेडिओवर ऐकली. "बायकोला सांगायला धावत घरी गेलो, तर तिला शेजारणीने आधीच सांगितलेलं."

आम्ही उसाचा रस घ्यायला उठलो. परत येतो तो टेबल लख्ख. सफाईच्या आंटीने ताटं उचलली होती, टिश्यूसकट.

"आंटी, त्यात दात होते!"

"टिश्यू इज रबिश लाह," आंटी म्हणाल्या. तरी बिचाऱ्यांनी हातमोजे चढवून आमच्याबरोबर खरकट्याची बादली उपसली. दात काही सापडले नाहीत.

भाषण तसंच झालं. 'सक्सेस'चं 'थक्थेथ' होत होतं आणि एचआरच्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तर कुणी हात वर करेना. अखेर अकाउंट्समधल्या एका मुलीने विचारलं, "बर्फावर पाय गार पडत नाहीत?"

त्याने खरोखर विचार केला. "पडतात. माझे तर कायम गारच असायचे. पण आजवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं." आणि तो तोंडभर हसला. मधोमध मोठं भगदाड.

बॉस ताडकन उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. डोळ्यांत पाणी. "लहानपणी माझ्या खोलीत याचं असंच बिनदातांचं हसणारं पोस्टर होतं," तो माझ्या कानाशी म्हणाला. "हा आत्ता खरा वाटला." एचआरच्या बाईंनी हे ऐकलं आणि संध्याकाळच्या ईमेलमध्ये कार्यक्रमाच्या नियोजनाबद्दल माझे जाहीर आभार मानले.

मी त्याला चांगी विमानतळावर सोडायला गेले. टॅक्सीवाल्या अंकलनी आरशातून त्याचं नाक पाहिलं, दातांमधलं भगदाड पाहिलं. "यू बॉक्सर आह?"

"साधारण तसंच," तो म्हणाला.

चांगी येईपर्यंत अंकल त्याला तोंड वाचवायला हातांचा गार्ड कसा धरायचा ते समजावत होते, आणि तो अगदी मन लावून ऐकत होता.