लिंबानं धुतलेलं पोवळं

मी नांदेडला पीएचडी करून राहिले होते, पोवळ्यांच्या जीवाश्मांवर. अंगठीतलं पोवळं नव्हे. समुद्रातल्या बारक्या जिवांनी बांधलेलं आणि कोट्यवधी वर्षांत दगड झालेलं घर. कच्छच्या रखरखीत माळावर मला नारळाएवढं एक सापडलं होतं, पाठभर चांदण्यांसारखे ठसे असलेलं. तिथं एकेकाळी कोमट, उथळ, नितळ समुद्र होता, ऊन तळापर्यंत पोचायचं, हे असल्या दगडावरूनच कळतं. आत दर वर्षाची एक फिकी, एक गडद रेघ असते. कोणतं साल त्या जिवांना मानवलं, कोणत्या साली गाळानं गुदमरवलं, सगळं त्या रेघांत. माझा अख्खा प्रबंध त्या एका दगडावर उभा होता.

दिवाळीच्या सुट्टीत तो लातूरला घरी ठेवला, तिथंच चुकलं.

संक्रांतीला येऊन बघते तर दगड देवघरात! वर विभूतीचे तीन पट्टे. आई रोज गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करते, त्यानंतर ह्याचीही करून राहिली होती. पाठीवर चांदण्या असलेला दगड साधा कसा असंल, असं तिचं म्हणणं. आणि दर सोमवारी पितळेच्या भांड्यांसोबत त्यालाही लिंबू-मीठ चोळायची.

"लई मळ व्हता बाई त्याला," ती कौतुकानं म्हणाली. "लिंबू लावलं की नुसता फेस."

मळ कसला डोंबलाचा! चुनखडी ती, आंबटानं विरघळून राहिली होती. चांदण्या गेलेल्या, पाठ गुळगुळीत. माझं डोकंच फिरलं. कुठं मारायचं ते मला ठाऊक होतं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, तो तीन महिन्यांचा होऊन गेला.

"तुझ्या हाताला काही टिकतच न्हाई," मी म्हणाले. "ते लेकरू बी न्हाई टिकलं."

तिनं हातातलं अर्धं लिंबू ताटलीत ठेवलं, हात पदराला पुसले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरं वाटलं.

नांदेडला आमच्या गाईड मॅडमनी दगड यंत्रावर उभा कापला. आत सगळ्या रेघा जशाच्या तशा. "वरचा थर तर आपणच घासून टाकतो की," मॅडम म्हणाल्या. प्रबंध झाला, पदवी मिळाली. आईला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माफी मागावी लागली असती, आणि तेवढं माझ्यानं झालं नाही.

औंदा मला मुलगी झाली. दवाखान्यात नर्स बाळ आईच्या हातात द्यायला गेली, तर आई मागं सरकली. दोन्ही हात पदराआड.

"त्यांच्याकडं द्या," ती माझ्या सासूकडं बघून म्हणाली. "माझ्या हाताला टिकत न्हाई."

मला रडूच फुटलं. "आई, तो दगड आतून शाबूत निघाला गं. तुझ्यानं काहीच बिघडलं नव्हतं."

"मी दगडाचं कुठं म्हणून राहिले?" ती म्हणाली, आणि थर्मास उचलून चहा आणायला गेली.